जपानला जाताय तर एहिमेपण बघून या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जपान टूरवरचा लेख वाचला. लेख चांगलाच होता, फोटोपण छान, पण त्यातही पुन्हा तेच, टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका आणि परत. आपल्या इंदूरहून जे ग्रुप जातात ते सगळे हाच रस्ता धरतात, सोबत महाराज घेऊन जातात, सकाळी पोहे आणि रात्री पनीर, आणि तिथली माणसं रोज जेवतात काय हे शेवटपर्यंत कळतच नाही. माझी मुलगी नोकरीसाठी हिरोशिमाला असते म्हणून आम्हाला जरा वेगळा भाग बघायला मिळाला आणि तो इतका आवडला की तुम्हाला लिहावंसं वाटलं. शिकोकू बेटावरचा एहिमे प्रांत. समुद्राला लागून डोंगर आणि डोंगरावर पार वरपर्यंत संत्र्याच्या बागा.

शिकोकूला बुलेट ट्रेन जात नाही, बहुतेक त्यामुळेच टूरवाले तिकडे वळत नसतील. पण जाणं अजिबात कठीण नाहीये. हिरोशिमा बंदरातून फास्ट बोट तासाभरात, थोडा वेळ जास्त, मात्सुयामाला सोडते, आणि ट्रेननेच जायचं असेल तर ओकायामाला गाडी बदलायची, तिथून पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. मात्सुयामा हे एहिमेचं मुख्य शहर. शहराच्या मधोमध टेकडीवर किल्ला आहे, जपानमध्ये जुन्या काळातले मूळ बुरूज टिकलेले फक्त १२ किल्ले उरलेत त्यातला हा एक, आणि वर जायला रोपवे, चेअरलिफ्ट दोन्ही आहे त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनीही घाबरायचं कारण नाही. दोगोचे गरम पाण्याचे झरे इथलेच, तिथली लाकडी तीनमजली इमारत १८९४ ची आहे, बरीच वर्षं दुरुस्ती चालली होती ती २०२४ मध्ये पूर्ण झाली. आत आंघोळीला कपडे चालत नाहीत, बायका पुरुष वेगवेगळे असतात तरी आपल्याकडच्या लोकांना ते अवघड वाटतं, तर बाहेर फुकटात पाय बुडवून बसायची सोय आहे, तिथे बसा.

पण खरं बघायचं ते बागा. मात्सुयामाहून दक्षिणेला यावाताहामा, उवाजिमाकडे निघालं की किनारा सगळा वेडावाकडा, एक खाडी संपली की दुसरी, आणि प्रत्येक खाडीच्या डोक्यावर दगडी बांध रचून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा. तिथले शेतकरी म्हणतात आमच्या झाडांना तीन सूर्य मिळतात, एक आकाशातला, एक समुद्रावरून परत येणारा आणि एक दगडी बांधांवरून परत येणारा. उतार इतका उभा की क्रेट डोक्यावर घेऊन उतरणं शक्यच नाही, म्हणून बागेतून एकच लोखंडी रूळ टाकलेला असतो आणि त्यावर छोटं इंजिन गाडी ओढत वर-खाली करतं. तोडणी बघण्यासारखी असते. फळ हाताने ओढत नाहीत, कात्रीने एकदा देठ लांब ठेवून कापतात आणि मग तोच देठ परत अगदी फळालगत कापतात, कारण देठाचं टोक राहिलं तर क्रेटमध्ये दुसऱ्या फळाला टोचतं आणि ते सडतं. एकेका फळाला दोन वेळा कात्री लावायची आणि तीही त्या उतारावर तोल सांभाळून! २०१८ च्या जुलैमधल्या पावसात उवाजिमाच्या योशिदा भागात दरडी कोसळून कितीतरी बागा झाडांसकट खाली आल्या होत्या. एहिमेत संत्र्याची सुरुवात याच योशिदातून झाली असं मानतात. लोकांनी तिथे परत झाडं लावली. संत्र्याला तर चार-पाच वर्षं फळाची वाट बघावी लागते, तरी लावली.

आता चवीचं. साधं मिकान म्हणजे तिथलं नेहमीचं संत्रं, छोटं, जरा चपटं, साल एकदम सैल आणि बी नाही. सोलायला नख लावलं की झालं. ऑक्टोबर ते डिसेंबर त्याचा सीझन, त्या दिवसांत काही बागांमध्ये पैसे भरून स्वतः तोडून खाता येतं. थंडी सरत आली की इयोकान येतं, त्याचा वास सोलतानाच खोलीभर होतो आणि चवीला हलकासा कडवटपणा असतो, मला तर तेच जास्त आवडलं. त्याशिवाय सेतोका, कानपेई, अमानात्सु, एहिमेत अशा ४० हून जास्त जाती पिकतात. दोगोच्या बाजारात दुकानात जातीजातीचे रस वेगवेगळ्या नळांतून देतात, दोन-तीन शेजारीशेजारी घेऊन प्यायले की फरक लगेच जिभेला कळतो. मात्सुयामाच्या विमानतळावरसुद्धा संत्र्याच्या रसाचा नळ आहे. आणि तिथे संत्र्याच्या रसात भातही शिजवतात, मुलांना शाळेच्या जेवणात मिळतो.

मासे खाणाऱ्यांसाठी तर विचारूच नका. ताईमेशी म्हणजे ताई माशाचा भात, पण मात्सुयामाकडे अख्खा मासा तांदळाबरोबर मातीच्या भांड्यात शिजवतात आणि उवाजिमाला कच्च्या माशाचे पातळ काप सोया सॉस, दाशी म्हणजे माशाचं पाणी आणि कच्च्या अंड्यात कालवून, वर कांद्याची पात आणि तीळ घालून गरम भातावर ओततात. कच्चं म्हटल्यावर मी आधी नको म्हणत होते, मुलीने आग्रह केला, आणि मग मी वाटी पुसून खाल्ली. जाकोतेन म्हणून एक प्रकार आहे, बारके मासे काट्यांसकट वाटून तळलेले, दिसायला करडे आणि दाताखाली किंचित कचकचीत, गरम गरम घ्यावेत. आणखी एक गोष्ट मला फार पटली, रस काढून उरलेली सालं ते टाकत नाहीत, उवाजिमाला बुरी आणि ताई हे मासे पाळतात त्यांच्या खाद्यात मिसळतात, त्यामुळे माशाला उग्र वास येत नाही.

शाकाहारी वाचकांना एक सांगते. उदोन, सोमेन नुसत्या शेवया दिसल्या तरी खालचं पाणी बहुतेक वेळा माशाचंच असतं, तीच दाशी, तर ते विचारूनच घ्या. फळं आणि रस मात्र पोटभर. रस्त्याच्या कडेला माणूस नसलेल्या टपऱ्या असतात, पिशवीत संत्री, बाजूला पैशांचा डबा, १०० येन टाकायचे आणि पिशवी उचलायची. शिकोकूमध्ये ८८ देवळांची पायी यात्रा चालते, पांढरे कपडे, हातात काठी, जवळपास १२०० किलोमीटर, आणि आपल्या वारीत गावोगावचे लोक वारकऱ्यांच्या हातावर काहीबाही ठेवतात ना, तसं तिथले लोक यात्रेकरूंना थांबवून संत्री देतात.

सायकल चालवता येत असेल तर शिमानामी काइदो सोडू नका. इमाबारीपासून ओनोमिचीपर्यंत बेटाबेटांवरून साधारण ७० किलोमीटर, समुद्रावरच्या पुलांवर सायकलींना वेगळी लेन, भाड्याची सायकल एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे परत करता येते. पूर्ण करायलाच पाहिजे असं काही नाही, नुसता कुरुशिमा पूल केला तरी चालेल, तो एकटाच चार किलोमीटर आहे. मधल्या इकुची बेटावर लिंबाच्या बागा लागतात. आणि ट्रेनवाल्यांनी शिमोनादा स्टेशनवर संध्याकाळी उतरावं, प्लॅटफॉर्मवर एक बाक आणि समोर सरळ समुद्र. फक्त पुढची गाडी कधी आहे ते आधी बघून ठेवा, गाड्या फार कमी आहेत.

हे सगळं तुमच्याकडे पाठवायचं अजून एक कारण आहे. आपल्याकडून उज्जैनमार्गे नलखेड्याला बगलामुखीच्या दर्शनाला किती लोक जातात, आणि आगर, सुसनेरच्या त्या पट्ट्यात दोन्हीकडे संत्र्याच्या बागा आहेत. आपण गाडी थांबवून रस्त्यावर किलो-दोन किलो घेतो आणि निघतो. बागेत कोणी बोलवत नाही, ताजा रस कुठे मिळत नाही, आणि शेतकरी बिचारा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. बागेत दोन तास फिरवायचे, स्वतः तोडू द्यायचं, तिथेच रस आणि घरचं दाल-बाफल्याचं जेवण, याला लोक पैसे देतील, इंदूरची माणसं तर खाण्यासाठी कितीही लांब जातील.

तर माझी विनंती अशी की पुरवणीत एहिमेवर एक नीट लेख द्या, बोटीच्या वेळा आणि सीझनसकट, म्हणजे टूरवाल्यांकडे लोक स्वतःहून मागतील. आणि या नोव्हेंबरमध्ये तुमचा एखादा वार्ताहर आगर-सुसनेरला पाठवा, तिथल्या बागाईतदारांना विचारा की लोकांना बागेत येऊ द्यायला त्यांची तयारी आहे का आणि त्यांना काय अडचण वाटते. कोणी तयार असेल तर गावाचं नाव छापा, आमच्या महिला मंडळाची पहिली बस मी भरून देते.

आपली नियमित वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर