एलेनॉर कीटन यांना, भुसावळहून

आदरणीय एलेनॉरबाई,

सप्रेम नमस्कार.

आपण १९९८ साली हे जग सोडून गेलात, त्यामुळे हे पत्र आपल्या हाती पडणार नाही हे मला ठाऊक आहे. तरीही ते मी सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे. ज्या उपकाराबद्दल मी लिहिणार आहे तो माझ्या एकटीवरचा नाही, आणि ज्यांच्यावर तो झाला त्यांतल्या बहुतेकांना आपले नावही माहीत नाही. आपले पती, मूकपटांतले विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटन, यांचे नाव त्यांना माहीत असते, गोल चपट्या हॅटखालचा तो न हसणारा चेहराही ते लगेच ओळखतात, पण त्या चेहऱ्यामागच्या माणसाला सव्वीस वर्षे कोणी सांभाळले, हे विचारण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नसते. माझ्यावर ती माझ्या वडिलांमुळे आली.

माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू, भुसावळच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, पुढे फायरमन झाले आणि मग वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हणून त्यांनी उमेदीची वर्षे काढली. फुटप्लेटवरच्या त्या सततच्या आवाजाने त्यांचे कान हळूहळू गेले. निवृत्तीनंतर ते संध्याकाळी घरच्यांबरोबर टीव्हीसमोर बसत, आणि खोलीत हशा पिकला की आधी आमच्या तोंडाकडे बघत व मग थोडे उशिराने स्वतःही हसत. ते उशिराचे हसू मला बघवत नसे. श्रवणयंत्र आणून झाले होते, पण त्याने नुसता गलका वाढायचा, शब्द उमगायचे नाहीत, म्हणून ते बहुतेक वेळ डबीतच असे.

‘द जनरल’ हा कीटन यांचा मूकपट मी पुण्यात कॉलेजला असताना एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला होता आणि तेव्हापासून कीटन माझ्या मनात घर करून होते. पण हा चित्रपट नानांना दाखवावा, हे सुचायला मला वीस वर्षांहून अधिक काळ लागला, याची खंत आजही वाटते. २००८ च्या दिवाळीत मी त्याची डीव्हीडी घेऊन भुसावळला आले. नानांना इंग्रजी जेमतेम वाचता येई, म्हणून चित्रपटात संवादांऐवजी येणाऱ्या पाट्या मी आधी मराठीत करून शंभर पानी वहीत, एका पानावर एक, जाड स्केचपेनने लिहून ठेवल्या होत्या. हे काम मला वाटले होते त्यापेक्षा लवकर झाले, कारण जे अंगाने सांगता येते ते पाटीवर लिहायचे नाही असा कीटन यांचा कटाक्ष होता. पाटी आली की मी वही नानांसमोर धरायची, असे ठरले होते.

पहिली दहा मिनिटे ते इंजिनच बघत राहिले. मग तो प्रसंग आला. सैन्यात घेतले नाही म्हणून प्रेयसीने झिडकारलेला जॉनी ग्रे, म्हणजे कीटन, आपल्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, ज्याला नाना साइड रॉड म्हणत, खाली मान घालून बसतो. इंजिन हळूच चालू होते. दांडा त्याला वर नेतो, पुढे नेतो, खाली आणतो, पुन्हा वर नेतो, आणि स्वतःच्या दुःखात बुडालेल्या त्या माणसाला याचा पत्ताच नसतो. इंजिन शेडमध्ये शिरता शिरता कुठे त्याच्या ध्यानात येते. मी हसत होते. नाना मात्र खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते, आणि त्यांनी मला चित्र थांबवायला सांगितले.

“इंजिन स्लिप झालं असतं तर हा माणूस मेला असता,” ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावून सांगितले की, मागे गाडीचा भार नसलेल्या इंजिनाचा रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडण्याचा दांडा, जरा जास्त उघडला गेला तर चाकांची रुळावरची पकड सुटते, ती जागच्या जागी गरागरा फिरतात आणि त्यांच्याबरोबर साइड रॉडही फिरतो. त्या रॉडवर बसलेला माणूस कुठे फेकला जाईल ते सांगता येत नाही. बोलताना त्यांचा उजवा हात अधांतरी एक न दिसणारी मूठ धरून सावकाश सरकत होता, जेमतेम दोन बोटे. “एवढाच उघडला असणार. याच्याकडे सगळे बघताहेत, पण रेग्युलेटरवर ज्याचा हात होता तो बघायला पाहिजे. त्याचं नाव कुठे लिहिलंय का बघ.”

मी सुरुवातीच्या पाट्या पुन्हा लावून पाहिल्या. ते नाव तिथे नव्हते. पुढे माझ्या वाचनात आले की कीटन यांनी स्वतःच हा धोका मुलाखतीत सांगितला होता: ड्रायव्हरने वाफ किंचित जास्त सोडली असती तर चाक फिरून आपला जीव गेला असता. भुसावळच्या घरात बसून नानांनी दोन मिनिटांत ओळखले ते हेच. उरलेला चित्रपट त्यांनी एका दमात पाहिला. इंजिनापुढच्या, गायींना बाजूला सारणाऱ्या जाळीवर बसलेला कीटन हातातला एक स्लीपर, म्हणजे रुळांखालचा लाकडी ओंडका, रुळावर आडव्या पडलेल्या दुसऱ्या स्लीपरच्या टोकावर अचूक आपटून दोन्ही बाजूला उडवतो, तेव्हा नाना मोठ्याने हसले. आमच्याकडे न बघता हसले, आणि आमच्या आधी हसले.

एलेनॉरबाई, मला आपले आभार मानायचे आहेत ते सर्वांत आधी त्या हसण्याबद्दल.

रेग्युलेटरवरचा हात कोणाचा, हा नानांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कीटन यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागले तेव्हा तोच प्रश्न वेगळ्या जागी उभा राहिला. १९२० ते १९२८ या काळात त्यांनी ‘वन वीक’, ‘शेरलॉक ज्युनियर’, ‘द नॅव्हिगेटर’, ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ यांसारखे चित्रपट केले. १९२६ साली ऑरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ जळत्या पुलावरून खरे इंजिन नदीत पाडण्याचे दृश्य त्यांनी ‘द जनरल’साठी घेतले आणि ते मूकपटांच्या काळातले सर्वांत खर्चिक दृश्य मानले जाते. चित्रपटाला मात्र तेव्हा यश आले नाही. १९२८ मध्ये त्यांनी एमजीएम या हॉलीवूडच्या स्टुडिओशी करार केला, ज्याला ते पुढे आयुष्यातली सर्वांत मोठी चूक म्हणत. स्वतःच्या कामावरचा ताबा गेला, पहिला संसार मोडला, दारू वाढली आणि १९३३ मध्ये नोकरीही गेली. या पडझडीवर लिहिणाऱ्यांनी पानेच्या पाने खर्च केली आहेत. मला त्यात रस नाही. तिथून पुढचे काय, हे मला हवे होते, आणि तिथे आपण भेटलात.

आपण एमजीएममध्ये नर्तकी होता आणि ब्रिज हा पत्त्यांचा खेळ शिकायला म्हणून त्यांच्या घरी जाऊ लागलात. २९ मे १९४० रोजी लग्न झाले तेव्हा आपण २१ वर्षांच्या होता आणि ते ४४ वर्षांचे. आठवड्याला ३,००० डॉलर मिळवलेला हा माणूस तेव्हा त्याच स्टुडिओत इतरांच्या विनोदी चित्रपटांना युक्त्या पुरवून १०० डॉलरवर काम करीत होता. हे लग्न करू नये असे आपल्याला अनेकांनी सुचवले. आपण ते केलेत, आणि १ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांनी शेवटचा श्वास घेतला तोपर्यंत निभावलेत. त्यांना सावरण्याचे श्रेय बहुतेक सगळे चरित्रकार आपल्याला देतात, पण ते एका वाक्यात देऊन पुढे जातात. मी त्या वाक्यापाशी थांबते, कारण अशा एका वाक्यात किती दिवस मावलेले असतात हे मी माझ्या आईकडे बघून जाणते. रात्री दोनला ड्युटीचा कॉल आला की डबा भरून देणारी, नाना परत येईपर्यंत नीट न झोपणारी माझी आई कोणत्याही कागदावर नाही.

पॅरिसच्या सर्क मेड्रानो या सर्कशीत आपण दोघांनी मिळून केलेल्या प्रयोगाविषयी वाचले तेव्हा मला फार आनंद झाला. शुद्ध हरपलेल्या नववधूला पलंगावर निजवण्याची नवऱ्याची धडपड, हा कीटन यांचा ‘स्पाइट मॅरेज’मधला जुना प्रसंग, आणि त्यात नववधू आपण. अंग पूर्ण सैल सोडून कोणाच्या खांद्यावरून घसरायचे, खुर्चीवरून ओघळायचे आणि तरी स्वतःला व समोरच्याला इजा होऊ द्यायची नाही, याला केवढी ताकद आणि केवढा विश्वास लागतो हे नाचणारीलाच कळेल. ‘शेरलॉक ज्युनियर’च्या वेळी पाण्याच्या लोंढ्याखाली मानेचे हाड मोडलेले असताना ज्यांनी काम चालूच ठेवले, आणि ते मोडले होते हे ज्यांना कित्येक वर्षांनी एक्स-रेवरून समजले, त्या माणसाच्या हाती आपण रोज स्वतःला सोपवत होता.

आणि मग चित्रपट. नायट्रेट फिल्म, म्हणजे जुने चित्रपट ज्या ज्वालाग्राही फिल्मवर असत ती, काय असते हे पुण्यात राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी तिथे जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि भारतीय सिनेमाचा केवढा तरी वारसा गेला. ती फिल्म एकदा पेटली की विझत नाही, आणि न पेटता नुसती पडून राहिली तरी चिकट होत होत शेवटी तिची भुकटी होते. कीटन यांचे चित्रपट याच वाटेवर होते. त्यांच्या जुन्या बंगल्यात पुढे राहायला आलेल्या जेम्स मेसन या अभिनेत्याला तिथे बंद करून ठेवलेले फिल्मचे डबे सापडले. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॉरोनेट चित्रपटगृहाचे रेमंड रोहावर कीटन यांना भेटले आणि कुजत चाललेल्या प्रती सुरक्षित फिल्मवर उतरवण्याचे काम सुरू झाले. ही नावे इतिहासात आहेत, ती असायलाच हवीत. पण चित्रपट परत येत होते तेव्हा त्यांच्यामागोमाग जाण्याजोगा, धडधाकट, काम करणारा बस्टर कीटन शिल्लक होता, तो आपल्यामुळे. १९६० साली त्यांना मानद ऑस्कर मिळाले, १९६५ मध्ये व्हेनिसला प्रेक्षकांनी उभे राहून त्यांचा जयजयकार केला. अनेकांच्या नशिबी हे मरणोत्तर येते. त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

वुडलँड हिल्सच्या आपल्या घरातल्या त्या छोट्या रेल्वेचे मला विशेष वाटते. अंगणात रूळ टाकून खेळण्यातल्या गाडीवरून पाहुण्यांना खाऊ पोचवणारे सत्तरीकडे झुकलेले कीटन डोळ्यांसमोर आणले की मला नाना आठवतात, कारण तेही नातवंडांसाठी काडेपेट्यांच्या गाड्या जोडत आणि कपलिंग नीट बसले की नाही ते दोनदा तपासत. शेवटच्या आजाराचे खरे स्वरूप कीटन यांना कळू दिले गेले नाही, आणि ते ओझे आपल्याकडे राहिले. त्यावर मी अधिक लिहीत नाही. आमच्या घरीही २०१४ मध्ये ते दिवस येऊन गेले.

कीटन यांच्यानंतरची आपली बत्तीस वर्षे मला सर्वांत मोठी वाटतात. घराचे दार लावून घेणे सोपे होते. त्याऐवजी आपण महोत्सवांना जात राहिलात, अनोळखी चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत राहिलात, केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांच्या १९८७ च्या माहितीपटात कॅमेऱ्यासमोर बसून सरळ, साधे बोललात. १९९२ मध्ये कीटन यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय सोसायटी निघाली, दुसऱ्याच वर्षी कॅन्सासमधल्या आयोला गावात, त्यांच्या जन्मगावाजवळ, वार्षिक सोहळा सुरू झाला, आणि त्या लोकांना आपण हक्काच्या वाटलात. एखाद्या कलावंताचे चाहते नुसते त्याच्या चित्रपटांवर जगत नाहीत. त्याला जवळून पाहिलेले कोणी तरी त्यांच्यात येऊन बसावे लागते, आणि आपण येऊन बसलात. ज्या साखळीतून ती डीव्हीडी माझ्या हातात आली, तिच्या फार आधीच्या टोकाला आपण होता, असे मी मानते.

नानांनी ‘द जनरल’ त्यानंतर पाच-सहा वेळा पाहिला. शेवटी शेवटी वही धरावी लागत नसे, पाट्या त्यांना पाठ झाल्या होत्या.

येत्या ४ ऑक्टोबरला, कीटन यांच्या जन्मदिवशी, भुसावळला नानांच्या बरोबरीच्या काही निवृत्त ड्रायव्हर आणि फायरमन मंडळींना घरी बोलावले आहे. बहुतेकांना कमीच ऐकू येते. मागच्या रांगेतल्यांना दिसावे म्हणून सगळ्या पाट्या मी आता ड्रॉइंग पेपरवर मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून काढल्या आहेत. सुरुवातीच्या नावांमध्ये एक पाटी माझ्या पदरची घातली आहे. तीवर आपले नाव आहे.

आपली ऋणी,
भुसावळच्या एका ड्रायव्हरची मुलगी