खुले पत्र: सुतळीची गाठ

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,

स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात तुमच्या सहीचं पत्र ग्रामपंचायतीत आलं. रक्तस्राव कसा थांबवायचा याचं प्रशिक्षण दिवाळीआधी गावोगाव होणार म्हणून. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मागच्या सोमवारी माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला.

पंजा नुसता कातड्यावर लोंबत होता. हाताला लागली ती सुतळी मी त्याच्या दंडाला दोन वेढे देऊन आवळली. रक्त वाढलंच. मग गाडीत हळूहळू कमी झालं. मी आईला फोनवर ओरडून सांगितलं, थांबलं!

सरकारी दवाखान्यात बीपीच्या पट्ट्याचं व्हेलक्रो चिकटेना. सिस्टरनी एका हाताने पट्टा धरला, दुसऱ्याने फुगा दाबला. वरचा आकडा 70. सलाईन सोडलं, आकडा 110 वर आला, आणि ड्रेसिंगमधून रक्त पुन्हा भळाभळा.

रात्री दोनला शहरातल्या डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून मला समजावलं. वरचा आकडा म्हणजे हृदयाच्या ठोक्यासरशी धमनीत चढणारा दाब. बाहेरून त्याहून जास्त दाब बसला तरच धमनी मिटते. माझ्या सुतळीने शिरा मिटल्या, धमनी चालूच. रक्त येतंय आणि परतीची वाट बंद, म्हणून वाढलं. पुढे कमी झालं ते गाठीमुळे नव्हे, अंगातलं रक्तच सरत आलं म्हणून. मी 'थांबलं' म्हणालो तेव्हा माझा भाऊ मरायला टेकला होता, साहेब. तो वाचला, पंजा गेला. मला मात्र अजून डोळा लागला की बोटांत ती सुतळी येते.

शिकवायचं असं होतं तरी किती? आधी जखमेवर कापड ठेवून जीव खाऊन दाबायचं. हातापायाचं रक्त तरीही थांबेना, तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, दोन-तीन बोटं रुंद पट्टा बांधायचा. दोरी नको, तिला दाब कितीतरी जास्त लागतो आणि ती नस कापते. पट्ट्यात दांडकं अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळायचं. दुखतं, दुखू द्यायचं. वेळ लिहायची, वाटेत सैल करायचं नाही, दोन तासांच्या आत डॉक्टर गाठायचा. आणि साप चावला तर हे काहीच बांधायचं नाही, आमच्याकडे नेमकं तिथेच आवळतात. झालं. चहा निवेपर्यंत संपतं.

तुमचं प्रशिक्षण झालं नाही, फ्लेक्स मात्र लागला. त्यावर तुम्ही हात जोडून उभे. दोन्ही हात.

पैसे नाहीत म्हणू नका. अपघात झाला की शेतकऱ्याला सरकारी अनुदान आहे: एक हात गेला तर एक लाख, दोन्ही गेले तर दोन. भावफलक तयार आहे! हात वाचवायच्या पट्ट्याला काय हजार-दोन हजार पडतील ते पडोत. रस्त्यावरही तेच. 2022 साली देशात अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसं गेली, म्हणजे रोज साडेचारशेच्या वर. वडापच्या जीपमधली प्रथमोपचाराची पेटी एकदा उघडून बघा. आमच्याकडच्या पेटीत ड्रायव्हरची तंबाखू निघाली. पण पासिंग झालेलं असतं, कागद पक्का असतो. कागदावर या जिल्ह्यात कोणाला खरचटतसुद्धा नाही.

प्रशिक्षणाची तारीख कळवा. 'लवकरच' नको. आकडा लिहा.

आपला,
सुतळी बांधणारा थोरला भाऊ