खापरावरचे मांडे शिकवणाऱ्या मावशींना थँक्यू
जळगावच्या स्वयंपाकाच्या क्लासमध्ये मला खापरावरचे मांडे शिकवणाऱ्या सगळ्या मावशींना मनापासून थँक्यू, नावं विचारायची राहूनच गेली. पीठ वस्त्रगाळ का करायचं, कणीक इतकी सैल का मळायची, पुरण भरल्यावर पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत कशी वाढवायची आणि मग पालथ्या खापरावर अलगद कशी टाकायची, सगळं हात धरून शिकवलंत, माझ्या चार पोळ्या फाटल्या तरी कोणी रागावलं नाही. आणि भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, मिरची-लसूण ठेचणाऱ्या आजी, तुमच्या हाताची चव वेगळीच हो! यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसासोबत मांडे मीच केले, सासूबाईंनी अजून एक मागून घेतला.