कुत्रं आडवं आलंच नव्हतं

नागपूर,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

परवा काकू भेटल्या भाजीबाजारात. तुझी चौकशी वगैरे झाली आणि तेवढ्यात एक कुत्रं पायात आलं, तर काकूंनी पिशवीच उगारली त्याच्यावर, म्हणे याच्याच खानदानातल्यानं माझ्या पोराचं हाड मोडलं. तेरा वर्षं झाली बे! मी हसलो खरा पण घरी येईपर्यंत काही सुचेना. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर तू अंगठा पाठवून मोकळा होतोस.

आधी बातमी. मी कादंबरी लिहून राहिलो. आठवी ते बारावीच्या पोट्ट्यांसाठी, आणि विषय बाईक रेसिंग. हसून घे आधी. झालं?

नायिका आहे, १६ वर्षांची, नाव अजून ठरलं नाही, दर आठवड्याला बदलतो. बाप मानेवाड्याला गॅरेजवाला, यामाहाच्या त्या जुन्या आरएक्स १०० बाईकचा उस्ताद. आरएक्स बंद झाली १९९६ मध्ये, ही पोट्टी जन्मायच्या कितीतरी आधी, तरी गॅरेजसमोर दोन-तीन उभ्याच असतात आणि बाप चहा पिता पिता नुसत्या आवाजावरून सांगतो की कार्ब्युरेटरचा जेट बदल याचा. पोरगी शिकते ती मागच्या रिकाम्या ले-आउटमध्ये, कारण १६ व्या वर्षी गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळत नाही, आणि रस्त्यावरची रेस मला पुस्तकात हिरोगिरी म्हणून दाखवायचीच नाही. काहून ते तुला माहीत आहे.

मग बापलेक जीटी एक्सप्रेसनं चेन्नईला जातात. ट्रॅक तिथून पुढे इरुंगट्टुकोट्टईला, ३.७१७ किलोमीटरचा. रेस वन मेक, म्हणजे गाड्या कंपनीच देते, सगळ्यांना सारख्या, मेकॅनिकही कंपनीचेच. बापाला हात लावायची सोय नाही! आयुष्यभर दुसऱ्यांचे सायलेन्सर कापून, हेड घासून गाड्या पळवलेला माणूस जाळीच्या बाहेर उभा, सवयीनं खिशात दहा-अकराचा पाना घेऊन आलेला, आणि पोरीला देता काय येते तर पाण्याची बाटली. हे प्रकरण लिहिताना मी स्वतःच रडलो, खोटं कशाला बोलू. बाकी प्रकरणं ठीक आहेत, एक तर फेकण्यासारखंच आहे, शाळेतलं.

आणि एक कळलं बे. आपल्याला वाटायचं रेस म्हणजे कान पिळणं, ॲक्सिलरेटर फुल्ल. पण सारख्या गाड्या सरळ पट्टीवर सारख्याच पळतात, खरा फरक पडतो तो ब्रेक किती उशिरा मारला आणि वळणात शिरताना तो किती हळूहळू सोडला यानं. वळणाचं तर उलटंच असते, वेगात उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं, गाडी उजवीकडे झुकते. मला पटलं नाही म्हणून अंबाझरीच्या रस्त्यावर सकाळी सकाळी ॲक्टिव्हावर करून पाहिलं, हळूच, तर खरंच झुकली. इतकी वर्षं आपण हेच करत होतो आणि आपल्याला माहीत नव्हतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला मोटोजीपी, म्हणजे बाईकची सगळ्यात मोठी वर्ल्ड चॅम्पियनशिप रेस, झाली होती ना, मी पुन्हा पाहिली. गरमीमुळे २४ लॅपच्या २१ केल्या होत्या. बेझेकी जिंकला, पण मी पाहत राहिलो मार्टिनला, दुसरा आला आणि रेस संपल्यावर उभंच राहवेना त्याला, अंगातलं पाणी संपलेलं. लेदरचा तो सूट आणि वरून ऊन. आपल्याकडच्या मे महिन्यात कोणी तो सूट घालून रेस केली तर काय होईल, विचार कर.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईच्याच ट्रॅकवर १३ वर्षांच्या मुलाचा रेसमध्ये जीव गेला. तेरा! तिकडे युरोपात २०२१ मध्ये लागोपाठ कोवळी पोरं गेली, तेव्हा कुठे मोटोथ्रीचं, म्हणजे मोटोजीपीच्या खालच्या छोट्या गाड्यांच्या वर्गाचं, कमीत कमी वय २०२३ पासून १८ केलं. हे वाचल्यावर माझं लिहिणं तीन आठवडे बंद होतं. कारण माझ्या पुस्तकातही पोट्टी पडते, आणि ते पडणं मी फारच सुंदर लिहून ठेवलं होतं. हवेत उडते, सगळं स्लो मोशनमध्ये, आभाळ वगैरे.

आणि मग तू आठवलास.

तू कुठे उडाला होतास? सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना त्या वळणावर गिट्टी होती, तू वळणातच पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी खालच्या खाली निसटली, बस. दोन सेकंदही नाही. मी मागून आलो तर गाडी आडवी, इंजिन चालूच, मागचं चाक फिरून राहिलं, पेट्रोलसोबत जळणाऱ्या टूटी ऑइलचा तो निळा धूर, आणि तुझी एक चप्पल पार पलीकडच्या कडेला, व्यवस्थित सरळ, कोणी काढून ठेवल्यासारखी. तू उठून बसलास आणि डावा हात उजव्या हातात धरलास, बाळ धरतात तसा. कॉलरबोन तुटलं हे आपल्याला दवाखान्यात कळलं, पण तू हात धरला तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. आता कळते की रेसरचं सगळ्यात आधी तेच तुटते.

पहिले फुटाळ्याला पोचेल त्याला तर्री पोहे, ही पैज माझी होती. तू नको म्हणत होतास, तुझ्या बाबांची गाडी होती म्हणून. मी तुला भित्रा म्हटलं. आणि दवाखान्यात काकू आल्या तेव्हा तू तोंड उघडायच्या आत मीच बोललो, कुत्रं आडवं आलं.

कादंबरीत मी ती पैज एका दुसऱ्याच पोट्ट्याच्या तोंडी घातली होती. एक मवाली पोट्टा, सगळे वाचक ज्याला शिव्या देतील असा. आता बदललं. आता पैज लावते ती नायिकेची सगळ्यात जवळची मैत्रीण, चांगली पोरगी, अभ्यासू, आणि खोटंही तीच बोलते. म्हणजे चेन्नईच्या आधी पोट्टी एकदा रस्त्यावर पडून आलेली आहे आणि खरं फक्त दोघींना माहीत आहे.

तेवढी अकरा पानं झेरॉक्स करून स्पीड पोस्टनं पाठवून राहिलो. तुझी चप्पल घेतली आहे त्यात, नको असेल तर सांग, काढतो. आणि पडल्यावर तू पहिलं काय बोलला होतास? मला "गाडी बंद कर" एवढंच आठवते, पण ते तू बोलला की मीच स्वतःशी बोललो, नक्की नाही. खरं असेल तेच लिही, माझी लाज राखायला जाऊ नको.

आणि दिवाळीत येशील तेव्हा काकूंना कुत्र्याचं मी सांगू की तू सांगतोस?

तुझाच,
ढापण्या