माझ्या गेलेल्या नवऱ्याला आलेली नोटीस: गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: मृत इसमाकडून शांतताभंग होण्याची शक्यता असल्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी रात्री साडेआठला दोन शिपाई माझ्या दारात आले. मी कळव्याच्या बाजूला एका चाळीत राहते. वय त्रेसष्ट, एक गुडघा कामातून गेलेला. त्यांच्या हातात दोन नोटिसा होत्या. झेरॉक्सची झेरॉक्स, गाळलेल्या जागांत बॉलपेनाने नावं भरलेली. एक माझ्या नावाची, दुसरी आमच्या ह्यांच्या. आम्हा दोघांकडून दखलपात्र अपराध घडून शांतता बिघडेल अशी खात्रीलायक माहिती म्हणे मिळाली होती. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. शिपायाने भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहिला, हातातला कागद पाहिला आणि म्हणाला, "काकू, मग दोन्हीवर तुम्हीच सही करता का?"

केली. हयात असतानासुद्धा त्यांच्या अर्जांवर मीच सह्या करायची.

आमचा अपराध असा: पंधरा-सतरा दिवस नळाला जेमतेम वीस मिनिटं पाणी, तेही करंगळीएवढी धार. म्हणून तीसेक बायकांनी रिकामे हंडे घेऊन पाणी खात्याच्या कार्यालयावर जायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मला ठाण्यात बोलावलं आणि अडीचपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. समोरून एक फोटो, बाजूने एक फोटो. मोबाइल मागितला. आमच्या 'हंडा ग्रुप'वर गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात आणि कोणाच्या तरी नातवाचं बारसं, एवढंच सापडलं. प्रेशरची गोळी घरी राहिली होती, पाणी मागितलं तर म्हणाले, कूलर बंद आहे. (पाणी तिथेही नाही. तेवढ्यापुरती मला त्यांची कीव आली.) निघताना साहेब अगदी मायेने म्हणाले, "काकू, तो जनसुरक्षेचा नवा कायदा ऐकलाय ना? उगाच नक्षलवाल्यांच्या यादीत नाव नको."

गृहमंत्री महोदय, तुमचं आमचं बोलणं असं झालं नव्हतं. 10 जुलै 2025 ला विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत ते जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं, तेव्हा सरकारने शब्द दिला होता की हे हत्यार माओवाद्यांसाठी आहे, आंदोलकांनी, पत्रकारांनी, विरोधकांनी घाबरायचं कारण नाही. लोकांच्या बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या. मसुद्यात थोडी डागडुजी झाली आणि आवाजी मतदानाने मामला उरकला. मला आलेली नोटीस त्या कायद्याची नाही, हे मला कळतं. ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 149 ची. पण साहेबांनी धाक त्याच कायद्याचा घातला ना? एक कलमही न लावता काम झालं. तीस बायकांपैकी अकरा उरल्या. शेजारणीच्या मुलाचं पोलीस भरतीचं चाललंय, तिने हंडा माळ्यावर टाकला. तिला मी काय दोष देऊ?

वर मनाई आदेश आहेच. पोलीस अधिनियमाचं कलम 37. पाच माणसं जमायची नाहीत, घोषणा द्यायच्या नाहीत. पंधरा दिवसांच्या वर हा आदेश ठेवायचा तर कायदा सरकारची मंजुरी मागतो, म्हणून पंधरवडा सरला की नवा कागद निघतो. आमच्याकडे एकादशीसारखा नेमाने येतो हा आदेश. दहीहंडीच्या थरांना मात्र मोजदाद नाही.

तुमच्या विधेयकात बेकायदेशीर कृत्याची व्याख्या एवढी ऐसपैस आहे की कायदा मोडायला उत्तेजन देणं हेसुद्धा त्यात बसतं. मग ऐका. माझं माहेर उरणजवळच्या जासईचं. 1984 च्या जानेवारीत, 16 आणि 17 तारखेला, नवी मुंबईसाठी सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या हाकेवर माणसं रस्त्यावर आली, गोळीबारात पाच जण गेले. बाबा रात्री घरी आले ते चप्पल न घालता, विहिरीवर बराच वेळ नुसते पाय धूत बसले होते. आईने ताट वाढलं, ते तसंच झाकून राहिलं. त्या लढ्यातून, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. त्याच 'दिबां'चं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्यायचा ठराव विधिमंडळाने केला. आज ते असते तर त्यांनाही बॉलपेनाने भरलेली झेरॉक्स मिळाली असती.

आणि आणीबाणी? मिसा म्हणजे तेव्हाच्या, खटल्याविना डांबायच्या कायद्यात आत गेलेल्यांना तुमचं सरकार सन्मान म्हणून दरमहा पैसे देतं. दहा हजार होते ते 2025 च्या जूनमध्ये दुप्पट केलेत. द्या, जरूर द्या. पण त्यांनाही देशाच्या सुरक्षेच्याच नावाखाली आत टाकलं होतं. जूनमध्ये त्यांचा सत्कार आणि जुलैमध्ये हे विधेयक, मधे श्वास तरी घ्यायचा.

सुरक्षा नको असं कोण म्हणतंय? 13 मार्च 2003 ला मुलुंडला कर्जत लोकलमध्ये स्फोट झाला, तेव्हा आमचे हे मागच्या गाडीत होते. रात्री एकपर्यंत मी दारात बसले होते. 2006 च्या लोकल स्फोटांत तर दोनशेच्या आसपास माणसं गेली. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा लावला, पाच जणांना फाशी सुनावली, आणि एकोणीस वर्षांनी, 21 जुलै 2025 ला उच्च न्यायालयाने दोषी ठरलेल्या बाराच्या बारा जणांना सोडलं. तुम्ही सर्वोच्च न्यायालयात गेलात, ते चालू द्या. पण कडक कायद्याने त्या मेलेल्यांच्या घरच्यांना काय मिळालं ते सांगा. एकोणीस वर्षं!

यूएपीए या केंद्राच्या दहशतवादविरोधी कायद्याचंही तेच. केंद्राने संसदेत दिलेला आकडा आहे, 2016 ते 2019 मध्ये अटक 5,922, दोषी 132. भागाकार मी चुलीपाशी बसून केला, सव्वादोन टक्के. तुमचा अधिकारी म्हणेल, बाई, हा हिशेब असा करत नाहीत, खटले अजून चालू आहेत. चालू आहेत हेच तर दुखणं आहे! आमच्या इथून गाडीने जेमतेम तासाभरावर तळोजा कारागृह आहे. तिथे याच कायद्याखाली डांबलेल्या, आदिवासींसाठी काम करणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या पाद्री स्टॅन स्वामींना, पार्किन्सनने हात थरथरत असताना, पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर हवा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला ते गेले, तेव्हा खटला उभासुद्धा राहिला नव्हता. पाण्याचं आणि सरकारचं काय वाकडं आहे कोण जाणे.

इंग्रजांचा रौलट कायदा, मग मिसा, टाडा, मोक्का, पोटा, सगळे असेच कडक कायदे. प्रत्येकाच्या बारशाला हेच सांगितलं गेलं की सज्जनांनी भिऊ नये. सत्तेत कोण आहे यावर काही ठरत नाही, विरोधात असताना सगळेच माझ्या बाकावर बसतात.

माझं मागणं फार नाही. ह्यांच्या नावाची नोटीस रद्द झाल्याचं लेखी द्या, मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. माझे दोन फोटो तुमच्या दप्तरातून काढा, निदान बाजूचा तरी, त्यात मी फार थकलेली दिसते. आणि तो दम कोणाच्या हुकमाने दिला, ते कळवा.

अजून बरंच लिहायचं होतं, पण पहाटेचे पाच चाळीस झालेत आणि नळ खरखरायला लागलाय. येत्या सोमवारी आम्ही अकरा जणी हंडे घेऊन निघतोय. चार-चार-तीन अशा, म्हणजे पाच व्हायला नकोत.

आपली,
कळव्याची एक रहिवासी
(आणि कै. यजमानांच्या वतीने, सही मीच केली आहे)