रिव्हरचा कॉल आणि पोझिशनची भीती

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतल्या पोकरच्या लेखात लिहिलंय की आधी बोलायची पाळी आपली असेल तर रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या पाचव्या आणि शेवटच्या पत्त्यानंतर, आलेल्या मोठ्या बेटला सरळ पत्ते टाकून द्या (फोल्ड करा). हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण मी कित्येक वर्षं हेच करत आलो आणि जिंकणारे हात फेकत आलो.

पोझिशन नसल्याचा, म्हणजे समोरच्याच्या आधी बोलावं लागण्याचा, खरा त्रास फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) आणि टर्नला (चौथा पत्ता) होतो. टर्नला कॉल केला, म्हणजे त्याच्या बेटइतक्या चिप्स दिल्या, की अजून एक पत्ता यायचाय, परत आपणच आधी बोलायचं, समोरचा परत बेट लावणार, म्हणजे आत्ता 50 चिप्स देताना पुढच्या 150 चीही तयारी लागते. रिव्हरला यातलं काहीच उरत नाही, आपण कॉल केला की पत्ते उघडायचे, संपलं.

मग उरतो तो हिशोब. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 100 आणि समोरच्याने 50 लावले तर आपले 50 धरून 200 होतात, म्हणजे चारात एकदा जिंकलो तरी बरोबरी. 100 लावले तर तिनात एकदा, आणि अगदी 200 लावले तरी पाचात दोनदा. निम्म्याहून जास्त वेळा जिंकायलाच हवं असं कुठेच नाही!

आता तो बेट का लावतोय ते बघा. त्याचा हात मध्यम असेल तर तो मागून चेक करून (बेट न लावता) फुकटात पत्ते उघडतो, त्याला ती सोय आहे. म्हणजे मोठी बेट आली की बहुतेक एकतर फार भारी हात नाहीतर हुकलेला ड्रॉ (हवा तो पत्ता न आल्याने अर्धवट राहिलेला हात), म्हणजे ब्लफ. अशा वेळी आपली जोडी किती मोठी यापेक्षा आपल्या हातातले पत्ते त्याचे कुठले हात कमी करतात ते जास्त महत्त्वाचं. समजा टेबलावर इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, चौकटची चौकी, किलवरची दुर्री आणि शेवटी बदामची सत्ती. माझ्याकडे चौकटचा राजा आणि चौकटची राणी असेल तर मी कॉल करतो. पण तीच राणी इस्पिकची असली तर एक्का-राणी, राणी-गुलाम, राणी-दश्शी हे इस्पिकचे तिन्ही हुकलेले फ्लश ड्रॉ (फ्लश म्हणजे पाचही पत्ते एकाच प्रकारचे, इथे इस्पिक) त्याच्याकडे असूच शकत नाहीत, ब्लफ कमी झाले, कॉल तेवढा कच्चा. जोडी तीच, पण निर्णय बदलू शकतो. टेबलावर तिसरं इस्पिक येऊन फ्लश लागू शकत असेल तर उलटं, इस्पिकचा एक्का आपल्याकडे असणं सोन्यासारखं, कारण मग एक्क्याचा फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाही.

हां, समोरचा तासन् तास खेळून एकदाही रिव्हरला ब्लफ करताना दिसला नसेल तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवून मीही फोल्डच करतो.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या लेखात टर्नचा कॉल आणि रिव्हरचा कॉल वेगळा करून सांगा, नवीन शिकणारी मुलं तुमचं वाचून खेळतात.

आपला,
एक नियमित वाचक