जलपर्णी निघाली, शेवाळाचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नदीतील जलपर्णी काढण्याच्या मोहिमांच्या बातम्या उन्हाळ्यात आपल्या दैनिकात येतात आणि त्या याव्यातही, कारण जलपर्णी डोळ्यांना दिसते, हाताला लागते आणि ट्रॉलीत भरून नेता येते. शेवाळाचे तसे नाही. पाण्याचा रंग हिरवट दिसू लागतो तोवर त्याच्या पेशी अफाट वाढलेल्या असतात, आणि जाळी लावून किंवा मजूर उतरवून त्या बाहेर काढता येत नाहीत.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवण्याच्या फळ्या) घातले की कृष्णा सांगलीच्या परिसरात वाहती नदी राहत नाही. तिची एकापाठोपाठ एक अशी तळी होतात. उथळ, कोमट, संथ पाणी आणि त्यात मिसळणारे नत्र व स्फुरद ही शेवाळाची मेजवानीच असते. गावोगावचे सांडपाणी आणि उसाच्या फडांतून झिरपणारे खत यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते सारे खरे आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही. मला लिहायचे आहे ते शेवाळाच्या प्रवासाविषयी, कारण त्याबद्दल आपल्याकडे कोणी विचारतच नाही.

ओल्या जाळ्याच्या गाठीत, होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात किंवा मत्स्यबीजाच्या पिशवीतल्या लिटरभर पाण्यातही नव्या जातीचे शेवाळ एका जलाशयातून दुसऱ्यात सहज पोहोचते. (पक्ष्यांच्या पायांना चिकटून जाते ते जाऊ द्या, त्याला इलाज नाही.) न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील एका नदीत २००४ मध्ये डिडिमो नावाचे परके शेवाळ सापडले. ते थंड आणि स्फुरद कमी असलेल्या पाण्यात वाढते, तेव्हा आपल्या कृष्णेला त्याची भीती नाही. घेण्यासारखी आहे ती तेथील लोकांची वागणूक. उत्तर बेट वाचवण्यासाठी त्यांनी सारे दक्षिण बेट नियंत्रित क्षेत्र ठरवले. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना सामान तपासा, धुवा आणि पुरते वाळल्यावर आणखी ४८ तास कोरडे ठेवा, हा नियम त्यांनी रुजवला आणि गळ टाकणाऱ्यांच्या ओल धरून ठेवणाऱ्या नमद्याच्या (फेल्टच्या) तळव्यांच्या बुटांवर २००८ मध्ये बंदीही घातली.

आपल्यासारख्या उष्ण हवेत मानवणारी जात निराळी. सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस हे नीलहरित शेवाळ १९१२ मध्ये जावा बेटावरील नमुन्यांवरून नोंदवले गेले आणि पुढे युरोप-अमेरिकेच्या तळ्यांपर्यंत पसरले. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ मध्ये धरणाच्या पाण्यावरचे शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकण्यात आला. पेशी फुटल्या, आतले विष पाण्यात उतरले आणि १४८ माणसे आजारी पडली. त्यांत बहुतेक मुले होती. पुढे त्याच धरणातील या शेवाळाकडे बोट दाखवले गेले. तेव्हा मोरचूद मारून मोकळे व्हा, असा सल्ला देणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. पाणी उकळून प्या, हा आपला दुसरा रूढ सल्ला जंतूंपुरता योग्य आहे; नीलहरित शेवाळाची विषे मात्र उकळल्याने नाहीशी होत नाहीत. नळाच्या पाण्याला येणारा मातकट वास हाही भरवशाचा इशारा नाही, कारण तो वास स्वतः निरुपद्रवी असतो आणि विषाला स्वतःचा वास नसतो.

आपल्या भागात या प्रवासाला आणखी एक मोठी वाट आहे. टेंभू योजनेमुळे कृष्णेचे पाणी माण नदीच्या खोऱ्यातील आटपाडीपर्यंत आणि म्हैसाळ योजनेमुळे कवठेमहांकाळ, जतपर्यंत जाते. दुष्काळी तालुक्यांची तहान भागली याचा मला आनंदच आहे आणि पंप बंद करा, असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण एका खोऱ्यातील पाणी दुसऱ्या खोऱ्यातील तलावात सोडताना त्यातून काय जाते आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जायला हवे. नीलहरित शेवाळाच्या अनेक जाती पेशींतील हवेच्या पोकळ्यांमुळे पृष्ठभागाजवळ साचतात; सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस मात्र सहसा असा थर धरत नाही. म्हणून जेथे सोय असेल तेथे हिरव्या थराच्या दिवसांत खालच्या पातळीवरून उपसा करणेही शक्य आहे.

कृष्णेतले शेवाळ विषारीच आहे, असा माझा दावा नाही. तसा दावा किंवा त्याचा इन्कार करायला आधी मोजणी लागते. मायक्रोसिस्टिन-एलआर या नीलहरित शेवाळाच्या एका विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. फेब्रुवारीपासून पहिल्या पुरापर्यंत दर आठवड्याला जॅकवेलजवळच्या (नदीतून पाणी उपसण्याच्या विहिरीजवळच्या) पाण्यातील पेशी मोजाव्यात, संख्या वाढल्यास विषाची चाचणी करावी आणि आकडे वृत्तपत्रांतून जाहीर करावेत. वनस्पतिशास्त्राचा विभाग असलेल्या महाविद्यालयांकडे पेशी मोजण्यापुरते सूक्ष्मदर्शक असतात आणि विद्यार्थ्यांनाही प्रकल्प हवेच असतात.

राहिला प्रश्न होड्यांचा आणि जाळ्यांचा. वेण्णा तलाव, धोम, कोयनेचा शिवसागर, कृष्णेचे डोह, यांपैकी एका पाण्यातली होडी किंवा जाळे दुसऱ्या पाण्यात उतरवण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवावे, याला आपल्याकडच्या उन्हाळ्यात ऊन कमी पडणार नाही. मासेमारीचे ठेके आणि नौकाविहाराचे परवाने नूतनीकरणाला येतील तेव्हा ही अट त्यांच्या कागदात एका ओळीत बसते.

आपला,
एक वाचक, सांगली